कॉलऱ्याच्या हाती न लागलेली वाट

पेशीतल्या वाहतुकीबद्दल शिकवताना मी सुरुवात कॉलऱ्याच्या विषापासून करते. पेशीला चिकटणारा त्याचा निरुपद्रवी भाग चमकत्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की आधी पेशीच्या कडेला नुसती हिरवी रेघ दिसते. तासाभरात ती विरते आणि केंद्रकाशेजारी, गॉल्जी संकुलात, चमक गोळा होते. पेशीची कितीतरी प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्जीमार्गे बाहेर जातात; हे विष त्याच वाटेने उलटं आत शिरतं.

जालिकेत पोचल्यावर ते जे करतं, त्याने मी आजही थक्क होते. घडी बिघडलेली प्रथिनं पेशी इथून पटलापार पेशीद्रव्यात ढकलते आणि तिथे त्यांचे तुकडे करते. विषाचा घातक भाग घडी उलगडून अशाच बिघडलेल्या प्रथिनाचं सोंग घेतो. पेशी त्याला आपल्या हातांनी पटलापार करते. नष्ट करायच्या प्रथिनावर खूण बसते ती मुख्यतः लायसिनवर, आणि या तुकड्यात लायसिन अगदी मोजकी. त्यामुळे तो बचावतो, पुन्हा घडी घालतो आणि कामाला लागतो.

मग पेशीत सायक्लिक एएमपी वाढत जातं, सीएफटीआर नावाची वाहिनी उघडीच राहते, क्लोराईड आतड्याच्या पोकळीत ओतलं जातं आणि त्यामागोमाग सोडियम आणि पाणी. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. जंतू गाळून टाकलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. एवढं पायाभूत काम, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच भेटतं, याची मला खंत वाटते.

एवढा उत्पात होऊनही आतड्याचं अस्तर शाबूत असतं, आणि त्याच पेशींवरचं एक वाहक प्रथिन, एसजीएलटी-१, बिनघोर चालू असतं. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन ते एकदमच आत घेतं. ओढ असते सोडियमची: पेशीच्या तळाकडचा पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो, म्हणून आत सोडियमची कायम चणचण. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथे मांडली. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी नातेवाइकांकरवी पाजलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आजच्या जलसंजीवनीत सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल असतात. म्हणून एक लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घालावी, अर्धी पुडी अंदाजाने नको. आणि चवीसाठी वरून साखर तर मुळीच नको. वाहकाला न पेलणारी साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी उलट बाहेर ओढते.