काळ्या ट्रंकेत मावेल ते

जबलपूरला येऊन आठ महिने झाले होते. रविवारी सकाळी मी गोल्फ खेळून घरी आलो, तर बायको ओट्याशी उभी राहून पावाचा मैदा तिंबत होती. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

"एक मिक्सर बघून ठेवलाय. पीठ मळायचा, स्टँडवाला. किंमत ऐकून ओरडू नकोस."

"किती?"

"अठ्ठावन्न हजार."

मी ओरडलो नाही, हसलो. ते जास्त वाईट होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून लगेच कळलं. ती काहीच बोलली नाही. फक्त दाराशी टेकवलेल्या माझ्या गोल्फच्या किटकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मैद्याला लागली.

आता थोडी पार्श्वभूमी. जबलपूर हे आयुधांचं गाव. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची, खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी १९४२ची आणि गाड्यांची फॅक्टरी १९६९ची. 'धनुष' तोफ इथेच बनते. अशा गावात राहणाऱ्या फौजी माणसाला एक गोष्ट पाठ असते : तोफ घेताना नुसती तोफेची किंमत विचारायची नसते. ती किती वर्षं चालणार, सुटे भाग कुठून येणार, दुरुस्ती कोण करणार आणि ती डोंगरावर चढवायची कशी, हे आधी विचारायचं. मग तोच हिशोब मिक्सरला का लावू नये? अकादमीत शिकवलेलं 'अ‍ॅप्रिसिएशन' काढलं आणि कागद घेऊन बसलो : उद्दिष्ट, घटक, पर्याय, निर्णय.

पहिला घटक, गरज. आपल्या घरात मिक्सर आहेच, मग दुसरा कशाला? उत्तर शोधताना 'सुमीत'ची गोष्ट आठवली. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या पत्नीचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, तेव्हा त्यांनी ओलं-सुकं सगळं वाटेल अशा दणकट मोटरचा मिक्सर स्वतः बनवला. आमच्या आईकडे तोच होता. चटणीपासून पुरणापर्यंत त्याने सगळं ओढलं. म्हणजे परदेशी आणि महाग ते चांगलं असं नसतं. आपल्या कामाला बेतलेलं ते चांगलं. पण याची दुसरी बाजूही खरी आहे. वाटणाचा मिक्सर मिनिटाला हजारो फेरे घेतो. पावाच्या पिठाला तेवढा वेग चालत नाही, पीठ तापतं. जबलपूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तर यीस्ट आधीच उतावीळ झालेलं असतं. त्याला हवा सावकाश फिरणारा, पण जोर असलेला आकडा. ते काम सध्या तिचं मनगट करत होतं.

दुसरा घटक, किंमत आणि उपयोग. यात माझा अनुभव महागड्या वस्तूंच्या विरोधात जातो. लडाखमध्ये पंधरा हजार फुटांवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा दिवसभर ठेवला तरी दाताखाली कचकचतो. तिथे साधा प्रेशर कुकर हीच सगळ्यात मोलाची वस्तू. उलट एका स्टेशनवर आम्ही हौसेने मोठा ओव्हन घेतला होता. पुढच्या क्वार्टरमध्ये ओट्याजवळ पंधरा अँपियरचं सॉकेटच नव्हतं. दोन वर्षं त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी राहिली.

तिसरा घटक, आकडे. आमची बायको छावणीतल्या घरांना दर शनिवारी पाव करून देते, हे मला माहीत होतं. तिने त्याची वही ठेवली आहे, हे माहीत नव्हतं. वही मागितली. आठवड्याला आठ पाव, एका पावामागे सत्तर रुपये सुटतात. मागणी सोळांची आहे, पण मनगट आठच्या पुढे जात नाही. म्हणजे यंत्रामुळे आठवड्याला पाचशे साठ रुपये जास्त. अठ्ठावन्न हजार फिटायला दोन वर्षं. आणि आमची इथली मुदत उरली होती जेमतेम सोळा महिने. पुढे कुठे, तिथे पाव कोण घेणार, कोणास ठाऊक.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. "बघ, गणित जमत नाही."

तिने नीट वाचला. "गणित बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "नेहमीच बरोबर येतं. जोधपूरला शाळेत कायमची जागा मिळत होती, तेव्हा आपण म्हटलं, दीड वर्षासाठी कशाला. तेजपूरला क्लास सुरू करायचा होता, तेव्हाही, दोन वर्षांसाठी कशाला. सोळा वर्षांत मी काहीच सुरू केलं नाही, कारण प्रत्येक वेळी मुदत कमी पडली."

मी गप्प बसलो. माझ्या हिशोबात मुदत जबलपूरची होती. तिची मुदत तिच्या उरलेल्या आयुष्याची होती आणि तो रकाना मी कागदावर आखलाच नव्हता. गोल्फच्या किटचे पैसे किती आठवड्यांत फिटले, हेही कधी मांडलं नव्हतं.

मग दोघं मिळून पुन्हा बसलो. अठ्ठावन्न हजारांच्या यंत्रात दहा वेग होते आणि आठ रंग. तिला वेग लागत होते तीन, आणि रंगाचं काही देणंघेणं नव्हतं. शिवाय त्याचं दुरुस्ती केंद्र फार लांब. त्याच ताकदीचं, कमी नखऱ्यांचं दुसरं यंत्र अडतीस हजारांना मिळालं. दुरुस्ती नागपूरला होते, पावणेतीनशे किलोमीटर. आमच्या हिशोबाने शेजारीच. निवृत्तीनंतरच्या पुण्याच्या घरासाठी भिंतीत बसवायचा ओव्हन मीच उत्साहाने सुचवला, तर ती म्हणाली, "आधी भिंत तर आपली होऊ दे."

फौजी कुटुंबांनी अशी खरेदी करताना तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. आठवड्यातून किती वेळा लागणार? बिघडलं तर कोण उघडणार? बदलीच्या ट्रकमधून धड पोहोचणार का? आणि एक चौथा, जो माझ्याकडून राहिला होता : हे कोणाच्या हातचं काम आहे, आणि त्या हातांना आपण कधी विचारलं का?

यंत्र येऊन पाच महिने झाले. शनिवारी आता चौदा पाव होतात. सोळा अजून झालेले नाहीत. मनगटाचं बँडेज सुटलं आहे. यंत्राचं खोकं आणि थर्माकोल मी जपून ठेवला आहे आणि माप घेऊन पाहिलं आहे. सात नंबरच्या काळ्या ट्रंकेत बरोबर मावतं. त्या ट्रंकेत आधी माझे गोल्फचे बूट असायचे.