पाचगणीची हवा आणि सोनूची सर्दी

वाई मागे टाकून एस.टी. पसरणीच्या घाटाला लागली, की खिडकीची काच सरकवून छातीभर वारा घ्यावासा वाटतो, नाही का? दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही निघालो ते याच वाऱ्यासाठी. आमचे चिरंजीव तेव्हा सात वर्षांचे आणि दम्याचे. "पाचगणीच्या हवेत पोराची छाती मोकळी होईल," असे सासूबाईंचे ठाम मत. ते अगदीच खोटे नव्हे. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी इथे आरोग्यधाम काढले, ते याच हवेच्या भरवशावर.

मी मात्र एक शहाणपणा केला. हवापालटालाच चाललोय, मग रोजचा पंप कशाला, म्हणून तो घरीच ठेवला!

बरोबर जाऊबाईंची सोनू होती. तिला सर्दी. साधीच हो, नाक गळण्यापुरती. टेबललँडच्या तांबड्या कातळावर दोघे दिवसभर हुंदडली, खाली येऊन एकाच चमच्याने स्ट्रॉबेरी-क्रीम खाल्ले. सासूबाईंनी पुढे सगळा दोष त्या गार क्रीमला दिला. मी म्हणते, दोष चमच्याचा!

तिसऱ्या रात्री खोकला सुरू झाला, मग छातीत शिट्टी वाजू लागली. निळा पंप तेवढा पर्समध्ये होता. तो स्पेसर लावून दिला, पण उतार पडेना. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. "आई, पाणी" एवढेही त्याला एका दमात म्हणता येईना. तशीच टॅक्सी करून दवाखाना गाठला. प्राणवायू आणि औषधाची वाफ दिल्यावर पहाटे तो झोपला.

डॉक्टरांनी मला समजावले ते तुम्हालाही सांगते. मुलांच्या दम्याच्या झटक्यामागे बहुतेक वेळा सर्दीचा विषाणूच असतो. सोनूच्या नाकापुरता राहिलेला तोच विषाणू आमच्याकडे आधीच नाजूक असलेल्या श्वासनळ्यांत उतरला. तिथे सूज वाढते, चिकट कफ साचतो, भोवतालचे स्नायू आवळतात. रोजचा पंप ती सूज दाबून ठेवतो, म्हणून बरे वाटले तरी तो मनाने बंद करायचा नाही. "अँटिबायोटिक देता का?" असे मी विचारलेच. विषाणूवर ते चालत नाही, म्हणाले.

यंदा पुन्हा जायचे ठरते आहे. फ्लूची लस टोचून झाली. सामानाच्या यादीत स्वेटरच्याही वर दोन्ही पंप लिहिलेत. सोनूला सर्दी असली तर निघणे आठवडाभर पुढे ढकलू, असे मी आधीच कळवले आहे. जाऊबाई जरा फुगल्या आहेत.