डार्मश्टाटची उबदार घरे

मुलगा किंवा मुलगी फ्रँकफुर्टला राहत असेल आणि आपण हिवाळ्यात तिकडे जाणार असाल, तर एक दिवस डार्मश्टाटसाठी अवश्य राखून ठेवा. रेल्वेने हे शहर अर्ध्या तासाच्या आत येते. तेथून ट्रामने क्रानिखश्टाइन या उपनगरात जाता येते. तेथे एकमेकांना लागून उभी असलेली चार घरे आहेत. आत कुटुंबे राहतात, म्हणून ती रस्त्यावरूनच पाहावीत. दिसावयास ती साधीच आहेत. परंतु जगातील पहिली ‘पासिव्हहाउस’ म्हणून त्यांची ख्याती आहे.

भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनमधील प्राध्यापक बो आडामसन यांच्या विचारमंथनातून ही कल्पना आकारास आली. १९९१ मध्ये कुटुंबे येथे राहावयास आली. बाहेरच्या भिंतींवर सुमारे २७ सेंटीमीटर जाडीचा उष्णतारोधक थर आहे, खिडक्यांना तिहेरी काचा आहेत आणि फटींतून वारा शिरू नये अशी सांध्यांची बांधणी आहे. तरीही घर कोंदट होत नाही. बाहेर टाकली जाणारी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. ऊन, स्वयंपाक आणि माणसांच्या अंगची ऊब यांवर घराची बरीचशी गरज भागते. या मानकानुसार घर उबदार राखण्यास प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाकाठी १५ युनिटांहून अधिक ऊर्जा लागता कामा नये.

ज्येष्ठांच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. वाढत्या वयात तापमान सांभाळण्याची शरीराची शक्ती मंदावते; गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश तापमान असावे आणि वृद्धांसाठी ते अधिकही लागू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचविले आहे. साध्या घरात हीटर चालू असूनही खिडकीपाशी अंगावर गारवा येतो. येथे काचेची आतली बाजूही जवळजवळ खोलीइतकीच उबदार असते; आजोबांची खुर्ची खुशाल खिडकीशी मांडावी.

हे मानक बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे. तेथे घर बांधून घेणाऱ्याने आग्रह धरला, तरच ते पाळले जाते. आपल्याकडे प्रश्न बहुधा थंडीचा नसून उन्हाळ्याचा असतो, हे वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली दुपार काढणाऱ्यांस सांगावयास नको. भिंती, छत आणि खिडक्यांतून उष्णता किती आत यावी याची मर्यादा घालणारी ‘इको-निवास संहिता’ भारतातही २०१८ मध्ये जाहीर झाली आहे. आई-वडिलांसाठी नवे घर घेताना लिफ्टची व पार्किंगची चौकशी आपण करतोच. छतावर उष्णतारोधक थर आहे काय, पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली आहे काय आणि वारा आरपार खेळतो काय, हेही बिल्डरला विचारावे. उत्तर मिळाल्यावरच पुढची बोलणी करावीत.