अंथरूण पाहून टायर

कानडीत चाकाला 'गाली' म्हणतात आणि वाऱ्याला 'गाळी'. फरक फक्त ल आणि ळ यांचा. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांतून मुले या दोन शब्दांवरून एकमेकांची फिरकी घेतात. पण मोटारीचे निम्मे शास्त्र त्या दोन शब्दांत आहे. गाडी रबरावर चालत नाही, रबरात कोंडलेल्या हवेवर चालते. टायर आणि रिम ही त्या हवेची पिशवी. ही पिशवी किती मोठी आणि किती रुंद असावी यावर गेले काही आठवडे आमच्या घरी जो खल झाला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते. उद्यमबागेत लेथवर आयुष्य गेल्यामुळे मापाच्या गोष्टीत मला जरा जास्तच रस, हेही खरे.

आमचे जावई बैलहोंगलकडचे. त्यांनी मागच्या वर्षी २०१५ सालची जुनी थार घेतली. आधीच्या मालकाने ती दोन इंच उचलून घेतलेली. आमची काजूची बाग जांबोटीजवळ, त्यांची शेती काळ्या रानात, आणि लेकीला आता सातवा महिना. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे बेळगावात. ऐन पावसात ये-जा होणार. तेव्हा गाडीला मोठे टायर घालावेत, असे जावयांच्या मनाने घेतले. २८५/७५ आर १६ चे टायर आणि १० इंच रुंदीच्या रिम.

"मावा, गाडी उचलली आणि चाकं तीच ठेवली, तर पैलवानाला बगळ्याचे पाय दिसतात की," ते म्हणाले.

जावयाला एकदम नाही म्हणता येत नाही. मी म्हटले, "दिसतात खरे. पण आधी जरा हिशेब करूया."

टायरवरचे आकडे कुणालाही वाचता येतात. या गाडीला कंपनीचे माप २३५/७० आर १६. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिमचा व्यास १६ इंच. गणित केले की चाकाची एकूण उंची सुमारे ७३५ मिलिमीटर येते. २४५/७५ घेतला तर सुमारे ७७४, आणि जावयांच्या पसंतीचा २८५/७५ घेतला तर जवळजवळ ८३४.

इथे जावयांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. गाडी उचलली म्हणजे सगळी गाडी उंच झाली असे नव्हे. पाट्यांच्या वर असते ते अंग उंच होते. मागचा आस आणि त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. वाटेतला दगड आधी त्यालाच लागतो. त्याला उंच करायचे तर चाकच मोठे हवे. पण चाकाचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मीच उंची आसाला मिळते. २४५/७५ ने १९ मिलिमीटर, २८५/७५ ने ४९. म्हणजे मोठ्या टायरची मागणी अगदीच हौसेची नव्हती. प्रश्न एवढाच, की त्या ४९ मिलिमीटरची किंमत काय?

पहिली किंमत स्पीडोमीटरची. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण काट्याला ते कळत नाही. २८५/७५ वर काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ९० च्या वर असेल. २४५/७५ वर ती ८४ च्या आसपास राहते. दुसरी किंमत ओढीची. मोठे चाक म्हणजे प्रत्येक गिअर थोडा वरचा झाल्यासारखा. चोर्ला घाटात दुसऱ्यावर चढणारी गाडी पहिला गिअर मागू लागते आणि क्लच भाजतो. तिसरी किंमत ब्रेकची. जड आणि मोठे चाक थांबवायला जास्त जोर लागतो, आणि ब्रेक तेच जुने. पोटुशी लेक गाडीत बसणार असताना मला या तिसऱ्या किमतीची काळजी सर्वात जास्त होती.

आता रिमची रुंदी. लोक टायर निवडतात आणि रिम 'दिसायला' घेतात. खरे तर प्रत्येक टायरला किती रुंद रिम चालते याची किमान आणि कमाल मर्यादा ठरलेली असते. २३५/७० ला साधारण ६ ते ८ इंच, २४५/७५ ला साडेसहा ते ८, आणि २८५/७५ ला साडेसात ते ९. म्हणजे १० इंची रिम त्या दांडग्या टायरलाही मोठीच. रिम जास्त रुंद झाली की टायरच्या कडा बाहेर ताणल्या जातात, भिंती सपाट पडतात आणि खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. रिम फार अरुंद असली तर टायर मध्येच फुगतो, मधला पट्टा झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिलिमीटर पसरतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

रुंद रिमबरोबर आणखी एक दुखणे येते, ते ऑफसेटचे. रिमचा मध्य आणि ती हबला जिथे टेकते ती जागा, यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. तो कमी केला की चाक मडगार्डच्या बाहेर येते. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देते आणि चिखल थेट दारावर उडतो. या थारच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार आहेत. ते आवळून गाडी उचलली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे आधीच जास्त कोनात फिरतात. त्यांच्यावर आणखी जड चाक लादणे म्हणजे दुखऱ्या खांद्यावर गोणी देणे.

रुंद टायर चिखलात चांगला, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. आपल्या जिल्ह्यात दोन तऱ्हेचे रान आहे. खानापूर-जांबोटीकडे वर पातळ तांबडा चिखल आणि खाली घट्ट जांभा. तिथे बेताचा रुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला धरतो. फार रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. बैलहोंगलकडची काळी माती वेगळी. ती भिजली की तिला तळच लागत नाही. टायर कितीही रुंद असो, माती नक्षीत भरते आणि चाकाचा गुळगुळीत लाडू होतो. चाक मडगार्डला जितके जवळ, तितकी ती लवकर अडकते. त्या रानात पावसाळ्यात गाडी न घालणे हाच उपाय. बैलगाडीवाल्यांना तो केव्हापासून ठाऊक आहे. आणि डांबरी रस्त्यावर पाणी साचले असेल तर तेवढ्याच वेगात रुंद टायर अरुंदाच्या आधी पाण्यावर तरंगू लागतो. आपल्याकडचा जुलै आठवला की हे पटते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यावर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवते, ते वेगळेच. आधीच्या मालकाने उचललेली गाडीही यातून सुटत नाही.

हा सगळा हिशेब कागदावर मांडून मी जावयांपुढे ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलल्या त्या विहीणबाई. त्यांचे गुडघे दुखतात. उचललेल्या गाडीत चढताना आताच त्यांना स्टूल लागते.

"इन्नू एत्तर आदरं हत्तूदु ह्यांगप्पा?" त्या म्हणाल्या. आणखी उंच झाली तर चढायचे कसे? आणि मग लेकाकडे बघून, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु."

अंथरूण पाहून पाय पसरावेत. तीच म्हण, दोन्ही भाषांत. रिम हे अंथरूण, टायर हे पाय. आणि गाडीचे काम हे सगळ्यांत मोठे अंथरूण. माझ्या दोन पानी गणिताला जे जमले नव्हते, ते आईच्या तीन-चार शब्दांनी झाले. जावई हसले आणि म्हणाले, "साकु, अव्वा."

ठरले ते असे. १० इंची रिमचा विषय संपला. आहे त्याच मापाचे, पण मोकळ्या नक्षीचे ऑल-टेरेन टायर घालायचे. स्टेपनीसह पाचही एकाच मापाचे. फोर-व्हील गाडीत चाकांचा व्यास कमी-जास्त असला की आतल्या गिअरवर ताण येतो. २४५/७५ आणि आधीची लिफ्ट यांविषयी परिवहन कार्यालयाला लेखी विचारले आहे. नाही म्हणाले तर लिफ्टही उतरवायची, हे जावयांनी आपणहून सांगितले.

आपल्यापैकी कुणी टायर घ्यायला जाणार असेल, तर तीन गोष्टी बघाव्यात. भार-अंक कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावा. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो. बाजूवरचे चार आकडी तारीख-चिन्ह वाचावे. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. आणि हवा सकाळी, चाके थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी भरावी. कच्च्या वाटेवर हवा थोडी उतरवली की टायर जमिनीला जास्त टेकतो. रुंद रिमवर हजारो रुपये घालून जे हवे असते, त्यातले बरेचसे असे फुकट मिळते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी मात्र ती पुन्हा भरायला हवी. त्यासाठी जावयांनी परवा एक छोटा पंप घेतला. लेकीने तो तिच्या दवाखान्याच्या पिशवीशेजारी ठेवला आहे.