दोन तीरांवरचे नार्वे

मुळगावचे नाव आम्ही बडोद्याचे तिघे मित्र पंचवीस वर्षे ऐकत होतो. ते गाव प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र गेल्या श्रावणात आला. आमचा चौथा मित्र तिथला. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील या गावी त्याचे वडिलार्जित घर आहे. पुढे तुळशीवृंदावन, मागे माड आणि पोफळी, आणि आत देवघरासमोर एकटीच बसणारी त्याची आई. काकी आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांना कायमचे बडोद्याला न्यावे आणि देवही बरोबर घ्यावेत, अशा विचाराने मित्र आला होता. सामान बांधायला हात हवेत म्हणून आम्ही. दोन दिवसांत एक समई तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळून झाली. पुढे कोणाचाच हात देवघराकडे वळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकीच म्हणाल्या, ‘‘इतक्या दूर आलात, तर दिवाडी पाहून या. वाटेत नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला माझा नमस्कार सांगा. सांजेआदीं येयात.’’ शेवटचे वाक्य कोकणीत होते; म्हणजे ती विनंती नसून आज्ञा होती, असे मित्राने बाहेर आल्यावर सांगितले.

गावची देवी केळबाई. शिरगावची लईराई, मयेची महामाया या तिच्या बहिणी, अशी या भागात श्रद्धा आहे. तिचे दर्शन घेऊन आम्ही निघालो. या टापूत खनिजाच्या खाणींनी डोंगर पोखरले आहेत. हिरव्यागार भातशेतीच्या मागे मधूनच तांबड्या मातीचे ढिगारे दिसतात आणि मन खट्टू होते. मये ओलांडून नार्व्याच्या झाडीत शिरल्यावर मात्र पाखरांखेरीज आवाज उरला नाही.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. या देवाच्या वरप्रसादाने आपणांस राज्य लाभले, असे ते आपल्या नाण्यांवरही कोरवीत. त्या वेळचे देऊळ इथे नव्हते. ते मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी सत्तेच्या काळात ते उद्ध्वस्त झाले आणि विजयनगरच्या माधवमंत्र्याने देवाची पुन्हा प्रतिष्ठापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. तेथील लिंग एका विहिरीवर बसविले होते, असे सांगतात. भाविकांनी ते तेथून काढले आणि नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूस आणले. हा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर होता. देव आला तसे गावाचे नावही आले! बेटावरचे ते जुने नार्वे, अलीकडचे हे नवे.

पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेने या देवालयाच्या बांधकामास प्रारंभ झाला. दारावरील शिलालेखात शके १५९० ची कार्तिक वद्य पंचमी नोंदली आहे. इंग्रजी गणनेने १३ नोव्हेंबर १६६८. अलीकडे गोवा शासनाने जीर्णोद्धार करून २०२३ च्या फेब्रुवारीत हे मंदिर भक्तांसाठी पुन्हा खुले केले. उतरते छप्पर, दीपस्तंभ, घुमट. कोठेही भपका नाही. काकींचा नमस्कार पोहोचवून आम्ही धक्क्यावर आलो.

फेरीबोटीत आमच्याबरोबर दोन मोटारी, पाचसहा दुचाक्या आणि माशांची टोपली घेतलेली एक बाई होती. पलीकडे जायला काही मिनिटेच लागतात. पण त्या मिनिटांत माणूस घड्याळ विसरतो. दिवाडीला आजही मोटारींसाठी पूल नाही. कोकण रेल्वे बेटावरून धावते खरी, पण तिथे थांबत नाही. जगाची घाई अशी डोक्यावरून निघून जाते, आणि खाली बेट आपल्या गतीने जगत राहते.

बेटाचा सखल भाग खाजन जमिनीचा आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले, आणि बांधात लाकडी झडपांची ‘मानस’. भरतीच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून शेतातील जादा पाणी बाहेर सोडतात. अशा खारवट मातीतही तग धरणारे कोरगुट नावाचे भात इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. बांधावर चालताना एका हाताला खारफुटी, दुसऱ्या हाताला वाऱ्याने लवणारे भात, आणि मध्ये बगळ्यांची शुभ्र रांग. आमच्यातील एक जण एरवी फार बोलका. तोही इथे गप्प झाला.

जुन्या नार्व्यात देवळाचे म्हणावे असे फारसे उरलेले नाही. आहे ती पायऱ्यांची दगडी तळी. पावसाने ती भरली होती, पायऱ्यांवर शेवाळ चढले होते. मित्र बराच वेळ काठावर बसून राहिला. आम्हीही त्याला हटकले नाही.

दुपारी पिएदादच्या टेकडीवर गेलो. चर्चच्या आवारातून मांडवीपलीकडची जुन्या गोव्याची शिखरे पावसाच्या पडद्यातून दिसत होती. टेकडीच्या उतारावर एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांनी आम्हांला ओसरीवर बोलावून चहा दिला. शेजारच्या तीन घरांना कुलपे होती. मुले कोठे, विचारता ते म्हणाले, कोणी लिस्बनला, कोणी आखातात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेराचा उत्सव होतो. वाड्यांच्या हद्दीवरून पूर्वी झालेल्या भांडणाची आठवण म्हणून निशाणे मिरवितात. त्याची तयारी चालली होती.

‘‘बोंदेराला मुले येतात का?’’ मित्राने विचारले.

‘‘घर उघडें आसल्यार येतात,’’ ते म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले.

परतीच्या फेरीत कोणी फारसे बोलले नाही. मी विचार करीत होतो तो आम्हां बाहेर राहिलेल्यांचा. आमची चौथी पिढी बडोद्यात वाढते आहे. पूर्वजांनी देव आणले, कुळाचार आणले, गावाचे नाव आडनावात आणले. सप्तकोटेश्वराच्या भक्तांनीही तेच केले, आणि त्यांचे मुळीच चुकले नाही. तिथे राहते तर देव राहता ना. पण त्यांना कोणी हुसकावले होते. माझ्या मित्राला मुळगावातून कोण हुसकावीत होते?

दिवेलागणीच्या आत घरी पोहोचलो. काकी ओसरीवरच होत्या. त्यांनी देवळाचे विचारले नाही, चर्चचे विचारले नाही.

‘‘तळीला पाणी आहे?’’

‘‘भरलेली आहे, आई.’’

‘‘देव हलवता आला रे त्या लोकांना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तळी कशी हलवणार?’’

जेवणानंतर मित्राने आपला बेत सांगितला. चवथ जवळ आली होती. बायकामुलांसह सर्वांनी ती इथेच करायची. मग काकींनी बडोद्याला यायचे, पण देव इथेच राहतील. वाड्यातला चुलतभाऊ सांजवात लावील, आणि दर चवथीला घर उघडेल. काकींनी होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. त्या उठल्या, कागदात गुंडाळलेली समई त्यांनी सोडविली, पदराने पुसली आणि देवघरात जागच्या जागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान बांधले. कपड्यांच्या दोन पेट्या झाल्या.