पिशवीतलं दुसरं लुगडं

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालच्या बाजारात गणवेशाचे गठ्ठे सुटू लागले की कोऱ्या कापडाच्या खळीचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो. मुलाचा गणवेश घेताना एवढंच पाहिलं जातं की तो पुढच्या वर्षी पुरेल का. मुलीचा कमीज हातात आला की मात्र तपासणी सुरू होते. बाही किती, गळा किती, बाजूचा कट कुठपर्यंत, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून बसते का. ही सगळी मापं मुलीच्या अंगाची वाटतात, पण प्रत्यक्षात ती एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या नजरांची असतात. खळीच्या त्या वासासरशी एक दुसरंच कापड मनात येतं आणि हटत नाही, ते म्हणजे सावित्रीबाईंच्या पिशवीतलं दुसरं लुगडं.

पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले शिकवायला निघाल्या की वाटेत लोक शेण, चिखल, खडे फेकत, म्हणून त्या जास्तीचं लुगडं सोबत नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही गोष्ट महाराष्ट्रात लहानपणापासून कानावर पडते. तिच्यातला पुरावा मात्र आपण तपासत नाही. त्यांच्या अंगावर अंगभर लुगडं होतं. आज मुलींना ज्या ‘नीट’ कपड्यांचा आग्रह होतो, त्यात त्या पेहरावाला नाव ठेवायला जागा नाही. तरीही शेण आलं, कारण राग होता तो बाई शिकवायला घराबाहेर पडली याचा. कपडा ही छळाची सबब असते, कारण नव्हे. आणि सबब उघडी पाडायची तर त्याच कपड्याला साक्षीला उभं करणं हा सरळ मार्ग आहे.

जस्मीन पाथेजा यांनी २००३ साली बंगळुरूत सुरू केलेल्या ‘ब्लँक नॉइज’ या उपक्रमाने हा मार्ग धरला. छळ झाला तेव्हा अंगावर जे होतं, ते बायकांनी पुढे आणावं, असं आवाहन त्यांनी केलं. ब्रुसेल्समध्ये २०१८ साली अशाच कपड्यांचं प्रदर्शन भरलं. त्यात रात्री झोपायचे पायजमे होते, एका लहान मुलीचा शर्टही होता. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. साधे कपडे दाखवून ‘पाहा, हिची चूक नव्हती’ म्हणायचं, म्हणजे तोकडे कपडे असते तर चूक होती, हे मान्य केल्यासारखं नाही का? निवडक सोज्वळ कपडेच मांडले तर हा आक्षेप खराच ठरेल. पण सलवार, साडी, जीन्स, बुरखा, फ्रॉक, गणवेश हे सगळं एकाच दोरीवर आलं, की कपड्यांमधून नियम काढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्या सगळ्या कपड्यांत एकच गोष्ट समान उरते: त्रास देणारा कुणीतरी होता.

हा प्रश्न फक्त चावडीवरच्या कुजबुजीचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात असा निकाल दिला, की स्पर्श कपड्यावरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालचा लैंगिक हल्ला सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा मानला. पण मधल्या दहा महिन्यांत एक गोष्ट लख्ख दिसली. कपडा कमी असला तर दोष मुलीचा, आणि कपडा पुरता असला तर सवलत आरोपीला. ज्या मापाने कोणत्याही बाजूने मोजलं तरी मुलगीच हरते, त्या मापावर तिने विश्वास का ठेवावा?

ओढणी नीट घे म्हणणाऱ्या आईचं काय, असं कुणी विचारेल. तिला मी दोष देणार नाही. तिला रस्ता माहीत आहे आणि पोरीला शिकवायचंही आहे. पण आईचा सावधपणा हा आईचा सल्ला आहे. तो पोलीस ठाण्यात, शाळेच्या कार्यालयात किंवा पंचांसमोर मुलीविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाऊ लागला की काळजीचा न्यायनिवाडा होतो. तो थांबवायला हवा.

दोष बाईच्याच माथी मारू नका, हे सांगणारी बाई याच बुलढाण्यात होऊन गेली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर १८८१ साली नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला, तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा सौम्य झाली. ‘पुणेवैभव’ पत्राने त्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८८२ साली ती पुण्यात छापली गेली, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा तिचा रोख होता. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचं नाव आता स्पर्धापरीक्षेच्या गाइडात एका गुणापुरतं उरलं आहे, आणि याचा राग येतो.

असाच राग ३ जानेवारीच्या, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमांचाही येतो. त्या दिवशी शाळाशाळांत चिमुकल्या मुली सावित्रीबाई होतात. आखूड केलेलं लुगडं, ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. कौतुक होतं, फोटो निघतात, आणि शेणाचा उल्लेख भाषणातल्या एका वाक्यात उरकतो. त्या वेशात पिशवी आणि पिशवीत दुसरं लुगडं असायलाच हवं. वरवट बकालच्या शाळेत हे सहज करता येईल. त्याच दिवशी मोठ्या वर्गांतल्या मुलींनी, हवं तर नाव न लिहिता, त्रास झाला तेव्हाचे कपडे किंवा त्यांची चित्रं मांडावीत. गावाची बदनामी होईल, असं कुणी म्हणेलच. बदनामी होते ती त्रास देणाऱ्यांमुळे. सांगणाऱ्यांवर ती ढकलणं हा जुन्याच शेणफेकीचा सभ्य प्रकार आहे.

आणि या कार्यक्रमात मुलग्यांना नुसतं टाळ्या वाजवायला बसवू नये. सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांची नावं कुणी जपून ठेवली नाहीत. त्यांच्या अंगावर काय होतं, हे पावणेदोनशे वर्षांत कुणी विचारलं नाही. उपरणं होतं, अंगरखा होता की पागोटं, त्यावरून कुणी त्यांच्या घराण्याची अब्रू मोजली नाही. एक नाटुकलं बसवावं, त्यात शेण फेकणाऱ्याचं पात्र मुलग्यांनी करावं, त्याला नाव द्यावं, आणि नंतर वर्गात त्यालाच उभं करून विचारावं: हात कुणाचा उठला, का उठला, शेजारचे गप्प का राहिले? मुलीला कपड्यांविषयी विचारण्यात आपण पिढ्या घालवल्या. हे प्रश्न मुलग्यांना शाळेच्या वयातच, घरच्यांसमोर विचारायला लागलो, तर पुढच्या जूनमध्ये मुलीचा कमीज घेतानाही तो पुढच्या वर्षी पुरेल का, एवढंच पाहावं लागेल.