गौडांच्या गावी मराठी पाहुणा

बेंगळुरूच्या विमानतळावर उतरलं की पहिली गाठ केंपेगौडांशी पडते. 108 फुटांचा कांस्यपुतळा, हातात भलीमोठी तलवार. 2022 मध्ये अनावरण झालेला हा पुतळा घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. हे कळलं की मराठी माणसाची छाती उगाच थोडी फुगते. पण शहराकडे निघालेली बस येलहंक्याला थांबते आणि तिथून पुढचा इतिहास इतका सुखाचा राहत नाही.

आज येलहंका म्हटलं की लोकांना हवाई दलाचा तळ, ‘एरो इंडिया’तली गर्जणारी विमानं आणि रेल्वेची चाकं बनवणारा कारखाना आठवतो. जुनं गाव मात्र हमरस्त्यापासून जरा आत आहे. तिथे वेणुगोपाल स्वामींचं देऊळ आहे, अबोलीचे गजरे हातावर मोजून देणाऱ्या फुलवाल्या आहेत आणि पलीकडे पसरलेलं तळं. केंपेगौडा मूळचे इथले. विजयनगरचे मांडलिक, येलहंक्याचे नाडप्रभू. 1537 मध्ये त्यांनी दक्षिणेला मातीचा कोट घालून बेंगळुरूची पेठ वसवली. स्वतःची नाणी पाडली म्हणून विजयनगरच्या राजाने त्यांना आनेगुंदीला कैदेत टाकलं, असं सांगतात. कोटाचा दरवाजा उभा राहीना म्हणून त्यांच्या गरोदर सुनेने, लक्ष्मम्माने, स्वतःचा बळी दिल्याची कथाही इथे घरोघर माहीत आहे. कोरमंगलात तिचं स्मारक आहे. शहराच्या पायाशी एक बाई आहे, हे सांगताना कोणाचाही आवाज चढत नाही.

देवळाजवळच्या दर्शिनीत उभ्याने इडली खात होतो. शेजारच्या आजोबांनी कुठून आलात म्हणून विचारलं. पुण्याहून, म्हटल्यावर ते हसले. ‘‘म्हणजे शहाजीराजांकडचे! आमच्या गौडांना मागडीला धाडलंत तुम्ही,’’ असं हिंदी-कन्नड मिसळून म्हणाले आणि माझ्यासाठी बाय-टू कॉफी सांगितली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कालपरवाच्या भाऊबंदकीबद्दल बोलावं तसा सूर होता.

त्यांचं म्हणणं खरंच होतं. 1636 च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात आले. 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या फौजेने बेंगळुरू घेतलं, त्या मोहिमेत ते होते. शहर गौडांच्या हातून गेलं आणि घराणं मागडीला सरकलं. शहाजीराजांना बेंगळुरू जहागिरीत मिळालं. आपण शाळेत शिकतो ते त्यानंतरचं: जिजाऊ आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहून पुण्याला परतले, जयराम पिंड्येने राजांच्या दरबारावर ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. जहागीर मिळाली हे आपल्याला आठवतं. ती कोणाची मिळाली, हे पुस्तकात एका ओळीत आटपतं.

येलहंक्याहून दक्षिणेला जाताना वाटेत हेब्बाळला उतरावं. इथला एक वीरगळ 2018 मध्ये उजेडात आला. इसवी सन 750 च्या आसपासचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला. रट्टवाडीच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या स्वारीत कित्तय्या नावाचा माणूस लढता लढता पडला, त्याचा हा दगड. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्याने कोरवलं, त्याच घराण्याची फौज. उत्तरेकडून येणारे तेव्हाही ओळखीचेच होते.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात हिशेबाची दुसरी बाजू दिसते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी या देवाला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख तिथे आहे. बापाने लढून घेतलेल्या मुलखात मुलाने देवाची दिवाबत्ती लावून दिली. पुढे व्यंकोजींनी तंजावर गाठलं आणि बेंगळुरू सांभाळणं जड झाल्यावर ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकायचं ठरवलं. सौदा पुरा होण्याआधीच, 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखान येऊन धडकला. शेवटी तीन लाख रुपयांना त्यानेच शहर म्हैसूरकरांना दिलं. तलवारीने आलेलं शहर पन्नास वर्षांत रोकड्याने गेलं.

शहाजीराजांच्या समाधीवर माथा टेकायला मराठी माणूस होदिगेरेला आवर्जून जातो. त्याने एक दिवस मागडीसाठीही राखून ठेवावा. बेंगळुरू गेल्यावर केंपेगौडांचं घराणं तिथे आणखी नव्वद वर्षं टिकलं. 1728 मध्ये म्हैसूरने मागडीही घेतली. जिंकल्याची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. हरल्यावर माणसं कशी राहिली, हे मागडीच्या वाटेवर विचारता येतं, आणि येलहंक्यासारख्या ठिकाणी कोणी ना कोणी ते कॉफी पाजून सांगतं.